आईचे वाल आणि ऑलिव्हची पेंड

आई गेली त्या वर्षी तिच्या कपाटात राखेत घोळलेल्या वालांचा डबा मिळाला. लग्न झाल्यापासून ती दरसाल परसात लावून हे बियाणं राखत आली होती. बहिणीने अर्धे वाल पुण्यात ठेवले, अर्धे मी नेदरलँड्सला, हूफडॉर्पला आणले. इथे माझी फोल्क्सटाउन आहे, म्हणजे भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा. त्यातल्या काचेच्या खोपटात दोन उन्हाळे वेल चढले. शेंगा मोजक्याच धरल्या, त्या सगळ्या बियाण्यालाच ठेवल्या. हे मलाच जमतं, असा माझा तोरा होता.

यंदा ग्रीक शेजारणीने एक पोतं आणून दिलं. तिच्या भावाचा तेलाचा घाणा आहे, त्यातला ऑलिव्हचा चोथा. शेगडी पेटवायला छान, म्हणाली. मी मूठभर घेऊन वास घेतला. अरे, ही तर पेंड! आई शेंगदाण्याची पेंड बादलीत भिजवून वेलांना घालायची, आणि ही बाई असलं सोनं जाळायला निघालेली. मी चोथा आठवडाभर भिजवला, थोडा वाफ्यात मिसळला, निम्मे वाल पेरले आणि वरून ते काळं पाणी घातलं.

दोन आठवडे काहीच उगवलं नाही. नवरा म्हणाला, "अगं, उरलेले राहू दे. आधी माती टेस्ट करून घेऊ."

"मातीत जोर नाहीये, दुसरं काही नाही," मी खेकसले. उरलेले सगळे पेरले आणि आणखी पेंड घातली. सगळे पेरले. आज लिहितानाही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पुढे एकदा शेजारीण बाग बघायला आली आणि वासानेच दारात थांबली.

"हे कच्चंच घातलंस?" तिने इंग्रजीत विचारलं. त्यांच्याकडे घाण्याचं पाणी जिथून वाहतं तिथलं गवतही जळतं. चोथा कित्येक महिने शेणखतात कुजवल्याशिवाय कुणी शेतात नेत नाही. कच्च्यात बी रुजतच नाही. तिची काही चूक नव्हती. तिने शेगडीसाठीच दिला होता.

ती गेल्यावर मी बोटांनी वाफा उकरला. बहुतेक वाल कुजून मऊ झाले होते. काहींना नखाएवढं मूळ फुटलं होतं, टोकाशी तपकिरी होऊन तिथेच थांबलेलं. मी मातीत बसून रडले. लेक म्हणाली, "आई, वी कॅन जस्ट बाय सम." तिच्यावर ओरडले, मग त्याचंही वाईट वाटलं.

रविवारी बहिणीचा फोन आला. "अगं, आईचे वाल थोडे पाठव ना कुणाबरोबर. माझ्याकडचे बिरडं करून संपवले. म्हटलं, तुझ्याकडे आहेतच."

"पाठवते," मी म्हणाले.