चढापुरती सायकल

त्या वर्षी आमच्या गल्लीतली पायी चालणारी माणसं माझ्या सायकलला सहज मागे टाकत, आणि मला त्याचा अभिमान होता.

कारण सायकल मी मुद्दाम तशी बनवून घेतली होती! झालं असं, की काटोलकडच्या माझ्या सासऱ्यांनी नातीसाठी, म्हणजे आमच्या बेबीसाठी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या आठवडाभर आधी लाकडी बैल आणला. (आणला म्हणजे ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसून आणला!) इतर पोरांचे बैल दोरीनं ओढत नेण्याएवढे, आमचा सागवानी बैल चांगला वासराएवढा, खाली लोखंडी चाकं! बैलांच्या सजावटीची स्पर्धा सेमिनरी हिलच्या पलीकडच्या मैदानावर आणि आमचं घर अलीकडे. मध्ये अख्खी टेकडी.

"दोघं मिळून ढकलत नेऊ," सासरे म्हणाले.

"मामाजी, मी सरकारी नोकर मानूस! बैल काय ढकलू?" (त्या चढावर आमच्या मोठ्या साहेबांचा बंगला होता.) "सायकलले बांधून नेतो. चढावर पाय टेकवला तर नाव सांगनार नाही!"

बेबीनं हे ऐकलं आणि "माहे बाबा सायकलवर बैल आननार" असं गल्लीभर सांगून आली. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

पहिल्याच चाचणीत सायकलनं पायथ्याशीच हात टेकले. गिअरची सायकल तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. पण मी कचेरीत दिवसभर त्रैराशिकं मांडणारा माणूस! पुढचं दात्यांचं चाक जितकं लहान आणि मागचं जितकं मोठं, तितका चढावर पायाला जोर कमी, हे मी कागदावर सिद्ध केलं. सीताबर्डीवर जाऊन पुढे मुलांच्या सायकलचं चिमुकलं चाक बसवलं आणि मागे दुकानातलं सगळ्यात मोठं फ्रीव्हील. सपाट रस्त्यावर माझे पाय शिवणयंत्रासारखे चालू लागले.

बायको दारात उभी होती. "अजी, पाय एवढे चालून राहिले, सायकल काहून नाही चालून राहिली?"

"चढावर पाहजो!"

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बैलाला झूल घातली, शिंगांना बेगड लावली, गळ्यात घुंगरमाळ बांधली. बायको आणि बेबी रिक्षानं पुढे गेल्या. मी दोरी सीटखालच्या दांड्याला बांधून निघालो. आणि काय सांगू, बैल चढला! पाय न टेकवता! वेगाचं म्हणाल, तर सासरे शेजारून चालत संत्र्याच्या बहाराच्या गोष्टी सांगत होते आणि मधूनमधून माझ्यासाठी थांबत होते. साहेब फाटकात उभे होते. मी ऐटीत नमस्कार केला. साहेब आत गेले, चहा पिऊन बाहेर आले, तरी मी फाटकासमोरच होतो!

"मानलं, जावईबापू!" माथ्यावर सासरे म्हणाले. "पन आता खाली उतरा. उतारावर बैल मागून धरा लागते."

चढ जिंकलेल्या माणसाला उतार कोण शिकवणार? मी तसाच पुढे निघालो.

मग लक्षात आलं, की दोरीनं ओढता येतं, अडवता येत नाही. बैलानं आधी मडगार्डला ढुशी दिली. मग आणखी एक दिली. मग घुंगरं वाजवत तो बाजूनं पुढे निघून गेला, आणि दोरी ताणली गेली!

"जावईबापू, बैल सोडू नोका!" मागून सासरे ओरडले.

"मी कुठं धरला जी! त्यानंच मले धरून ठेवलं!"

ब्रेक दाबले, तर रबर जळल्याचा वास आला. पायडल मारावं, तर माझ्या त्रैराशिकामुळे पाय नुसतेच भिरभिरत होते! वाटेत घाणेरीचं झुडूप आलं. बैल त्याला वळसा घालून गेला, मी आरपार गेलो, आणि अर्धं झुडूप माझ्याबरोबर आलं. मैदानावरच्या वाळूच्या ढिगात बैल रुतून थांबला, अगदी धडधाकट. सायकल आडवी झाली. मी बैलामागे उभा: हात पसरलेले, सदरा फाटलेला, डोक्यावर पाला, तोंड उघडं.

परीक्षक जवळ आले. बैलाभोवती फिरले. मग माझ्याभोवती फिरले.

"बैल तर सुंदरच. पन मागचं बुजगावनं पाहा जी! कसं जितंजागतं!"

"ते तर माहे बा..." बेबी बोलू लागली. बायकोनं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "अजी, हालू नोका! नंबर लागून राहिला!"

मी हललो नाही. नाकावर मुंगी चढली, तरी हललो नाही! बापाचं काळीज काय असतं, ते त्या दिवशी मला कळलं.

बैलाला दुसरा नंबर मिळाला. बेबी आनंदानं नाचली, सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बुजगावण्याचा मात्र वेगळा नंबर काढला, तोही पहिला! आमच्या घराण्यात त्याआधी कुणाचाच, कशातच पहिला नंबर आला नव्हता, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. स्पर्धेत बुजगावणं एकच होतं, हे सहसा सांगत नाही.