दिवेलागणीला घ्यायचं नाही ते नाव

आधीच सांगते, गुणाजी काका साप चावून गेले नाहीत.

सकाळपासून चार जणांनी फोन करून तेच विचारलं. हार्ट अटॅक आला. पहाटे, अंथरुणातच.

काका म्हणजे आमच्या गावातले रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. गुंडाळलेला फ्लेक्स खांद्यावर टाकून शाळाशाळांतून मुलांना साप शिकवत फिरायचे. फ्लेक्सवर नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचे फोटो आणि हातात सायकलची फाटकी ट्यूब. खरा साप त्यांनी वर्गात कधीच आणला नाही.

मला सापाची भीती किती, तर तो फ्लेक्स भिंतीवर असेल त्या दिवशी मी माझ्या मुलीला, जुईला, शाळेच्या गेटबाहेरूनच हाक मारायची.

काका ती ट्यूब मुलांच्या पायाजवळ टाकायचे आणि सगळ्यांकडून ओरडवून घ्यायचे, "माका किरडू चावला!"

किरडू, म्हणजे साप. आमच्याकडे दिवेलागणीला हे नाव घेत नाहीत. घेतलं तर ते घरात येतं. 'जनावर' म्हणायचं, तेही हळू आवाजात. मी हेच ऐकत मोठी झाले. एम.कॉम. केलं तरी ते काही डोक्यातून गेलं नाही.

आणि माझी तिसरीतली पोर, मी देवाजवळ दिवा लावत असताना, पडवीत दोरी टाकून तेच ओरडली.

मी तिच्या थोबाडीत मारली.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन, बाईंच्या समोर, काकांनाही सुनावलं. माझ्या मुलीला हे असलं शिकवू नका.

काका म्हणाले, "नाव घेतला म्हणान किरडू येणा नाय गो. पण नाव नाय घेतलंस तर डॉक्टराक काय कळतला?"

मी तोंड फिरवून निघून आले.

त्याच वर्षी, काजूच्या दिवसांत.

यांची ड्युटी तारकर्लीला, पर्यटकांच्या बोटीवर. घरात मी आणि जुई. ती मागे काजू वेचायला गेली होती. मी दिवा लावून पडवीत आले, तर बाईसाहेब भिंतीला टेकून गप्प बसलेल्या. उजवा हात मांडीवर. त्या हातातल्या जत्रेतल्या बांगड्या काढून बाजूला ठेवलेल्या.

माझं डोकंच फिरलं.

"दिवेलागणीक हात मोकळे? घाल बघया आधी!"

ती हलली नाही. म्हणाली,

"आये, नाव घेतलंय तर मारतलंस?"

मी खाली बसून तिचा हात उजेडात धरला.

अंगठ्याजवळ दोन बारीक टिपके. हात सुजायला लागला होता.

चावल्यावर बांगडी आधी काढायची, हात हलवायचा नाही, धावायचं नाही, असं काकांनी शिकवलं होतं. ते सगळं तिने केलं होतं. फक्त ओरडली नव्हती. ते माझ्यामुळे.

"कधी चावला गो?"

"मघाशी. तू दिवो लावी होतंस, म्हणान थांबलंय."

मी ओढणीने तिचा हात बांधायला गेले. गाठ काही बसेना.

"आये, बांधू नको. काकांनी सांगल्यानी हा, बांधूचा नाय."

फोन लावला तो काकांनाच. दुसरं कोणी सुचलंच नाही. ते शेजारची रिक्षा घेऊन आले. वाटेत तिला विचारत होते, खंय हात घातलंस, कसा दिसला. काजूच्या पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांत, फुरसा, ती म्हणाली. मी मात्र दर मिनिटाला तिला "आ कर" म्हणत होते. फुरसं चावलं की हिरड्यांतून रक्त येतं, एवढंच मला माहीत होतं.

सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन उभं ठेवलं. वीस मिनिटं. गोठलं तर ठीक.

आजही भाकरी थापताना मधेच ती नळी डोळ्यांसमोर येते आणि हात थांबतो.

रक्त गोठलं नाही. नळी आडवी केली तर पाण्यासारखं वाहिलं.

सलाईनमधून औषध सुरू झालं. काका बाहेर बाकावर होते. दर दोन मिनिटांनी उठून दारातून आत डोकावत होते.

"काका, तुमकाय भीती वाटता?"

"वाटता गो. म्हणान तर शिकवतंय."

जुई चौथ्या दिवशी घरी आली. मी काकांची माफी मागितली, तर म्हणाले, "माका नको. तिका सांग."

तिला सांगायचं राहून गेलं. आईपणा आड आला, दुसरं काय. आता ती सातवीत आहे.

आज संध्याकाळी दिवा लावला. जुईला जवळ बसवलं आणि मोठ्याने म्हटलं, "किरडू."

तिने आधी माझ्या हाताकडे बघितलं.

चार वर्षं झाली, तरी.

"मी चुकलंय गो बाय," एवढंच बोलता आलं. मग दोघी रडलो.

काका, सांगितलं तिला. तुम्ही गेल्यावर सांगितलं, पण सांगितलं.

आता निवांत जा.