गाडी थांबते तिथे

माझा मित्र दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणजवळ हमरापूरला एका मूर्तिकाराच्या कारखान्यात होतो. आमच्या शर्यतीच्या गाडीचं पुढचं फायबरचं नाक तिथे साच्यातून निघालं होतं आणि रंग न लागलेल्या गणपतींच्या रांगेत उपडं पडलं होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, लवकर या. हे उठत नाय..." पेणहून रोह्याला जाईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. सोमवारी एवढं काम ठरलेलं आणि हा झोपून काय राहिलाय! रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात त्याच्या घरासमोर माणसं उभी दिसली तेव्हा शिव्या थांबल्या. झोपेतच हृदय बंद पडलं होतं.

या गोष्टीला आता दोनेक महिने होतील. भेटायला येणारे सगळे म्हणायचे, निदान त्या गाडीत काही झालं नाही, तेवढं तरी बरं. मला त्या बोलण्याचा फार राग यायचा. दिलीप त्या गाडीत कधी बसलाच नव्हता. आमची गाडी सरळ रेषेत पाव मैल पळायची, बस्स, एवढंच तिचं आयुष्य. ती मी चालवायचो आणि तो बांधायचा. इंजिनाचं वेड माझं होतं. त्याला त्यात काडीचा रस नव्हता. "पळवायचं तुझं तू बघ," तो म्हणायचा, "थांबवायचं माझ्याकडं हाय." ग्रिल आणि शटर बनवणाऱ्या त्याच्या भाड्याच्या शेडमध्ये अर्धी जागा आमच्या गाडीनं अडवली होती, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की तोच उलटा त्याच्यावर डाफरायचा.

स्वभावानं तो गोड वगैरे मुळीच नव्हता. मागचा पंख त्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा केला, आत फासळ्या घालून. वाऱ्यानं हा पंख दाबला जातो, आणि त्या दाबामुळे मागची चाकं जमीन धरून राहतात. पंख लागल्यावर मी कौतुकानं हात फिरवत होतो, तर हा म्हणाला, "बस त्याच्यावर."

"अरे, वाकेल."

"वाकला तर आताच वाकू दे. तिकडं तू आत असणार."

मग माझ्या शेजारी तोही चढून बसला. पन्नाशीतले दोन बाप्ये पंखावर पाय सोडून बसलेत, आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसत चहा वर देतायत... पंख वाकला नाही. पण त्याचं समाधान होईल तर शपथ. तोच पंख त्यानं टेम्पोच्या हौद्यात उंच बांधला, वहिनींच्या लोकरीचे तुकडे त्याच्यावर ओळीनं चिकटवले आणि मला हायवेवर टेम्पो पळवायला लावला. धागे पत्र्याला चिकटून राहिले तर वारा नीट वाहतोय, फडफडले तर पंखाचा कोन चुकलाय, असा त्याचा हिशोब होता. हा मागे उकिडवा बसून धाग्यांकडे टक लावून बघतोय, आणि खड्डा आला की माझा उद्धार करतोय! खांब गावाशी चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्यानं त्या रंगीत धाग्यांकडे बघत विचारलं, "कसला नवस हाय हो?" दिलीप हसलासुद्धा नाही. "वाऱ्याचा," म्हणाला. टपरीवाल्यानं मान डोलावली.

पुढच्या चाकांना ब्रेकच्या मोठ्या डिस्क त्यानं बसवल्या होत्याच, पण तेवढ्या वेगाला नुसते ब्रेक पुरत नाहीत, मागे पॅराशूट उघडावं लागतं. शेवटच्या फेरीत ते उघडलं आणि गाडीची शेपटी किंचित उचलली गेली. मला आत नुसता हिसका जाणवला, त्यानं बाहेरून बघितलं. दोर उंचावरून ओढतोय, तो अडकवायचा हूक खाली घ्यायला हवा, हे त्यानं घरी आल्यावर सांगितलं आणि जुना हूक त्याच दिवशी कापून टाकला. नवा बनवला, दोरी ताणून पुन्हापुन्हा जागा बघितली, आणि वेल्डिंगचे नुसते कच्चे टाके मारून ठेवला. "सोमवारी गाडी चाकांवर उतरवू, वजन पडल्यावर बघू, मग भरू." तो शनिवार होता.

गाडी तशीच टाक्यांवर राहिली. शेड तर रिकामी करायची होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, विकायची तर विका. पन अर्धवट नका हो विकू." गाडी पुरी करणं तसं कठीण नव्हतं. ती पुरी झाल्यावर मला तिच्यात बसवेल का, हा प्रश्न होता. इतकी वर्षं मी डोळे मिटून पॅराशूटचा खटका ओढला, कारण मागचा प्रत्येक बोल्ट त्यानं आवळलेला असायचा. आता तो नव्हता. धीर म्हणतात तो माझा नव्हताच बहुतेक.

नाझीमभाई म्हणून रोह्यातले एक जुने वेल्डर आले. आम्ही गाडी चाकांवर उतरवली. ते मागे बसून बराच वेळ बघत राहिले. माझा जीव टांगणीला, टाके तोडायला लागतात की काय! ते म्हणाले, "सरळ हाय. कायच हलवायचं नाय. वरूनच भरतो." त्यांनी भरलं. वेल्डिंगच्या काळ्या काचेतून मी बघत होतो, त्याचा एकेक टाका वितळून नव्या शिवणीत जात होता. काम चोख झालं, आणि मी शेडच्या मागे जाऊन पोटभर रडलो.

गेल्या आठवड्यात घाटावरच्या एका खासगी धावपट्टीवर गाडी नेली. बसलो. सुटलो. पाव मैल संपला, खटका ओढला, आणि शेपटी जमिनीवरच राहिली, गाडी एका रेषेत थांबली. त्यानं जागा बरोबर धरली होती.

सगळी माणसं सुटायच्या जागी गर्दी करतात. दिलीप एकटा या टोकाला, गाडी थांबते तिथे, उन्हात उभा असायचा. मी हेल्मेट काढेपर्यंत तो एकेका चाकाशी वाकून डिस्कजवळ तळवा धरायचा, न लावता, आणि काही ना काही खोट काढायचाच. शाबासकी कधी नाही. या वेळी मी उतरलो तर समोर मोकळी पट्टी आणि कडेचं वाळलेलं गवत. मागे पॅराशूट पसरलं होतं. ओढून न्यायला जीप यायला वेळ होता. काय करावं कळेना, म्हणून मी खाली बसलो आणि उजव्या चाकापाशी तळवा धरला. मग डाव्या. "डावा ब्रेक जास्त तापलाय रे," मी मोठ्यानं म्हणालो, आणि जीप येईपर्यंत तिथेच बसून राहिलो.