अप्पांच्या तराजूतला शिशाचा दगड

आमच्या अप्पांच्या दुकानात एक दगड होता, आणि त्याच्यापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं. आजही कुणाला हे सांगितलं की आधी लोक हसतात आणि मग विचारतात, खरंच का? अगदी खरं.

आमचं गाव भोकरच्या अलीकडे. रस्त्याच्या कडेला घर, पुढं किराणा दुकान, मागं आम्ही. गावाबाहेर माळावर एक जुनी खाण होती. तिला सगळे शिशाची खाण म्हणत. ती कुणी खणली, कधी खणली, याचं प्रत्येक म्हाताऱ्याकडे वेगळं उत्तर होतं. एक म्हणे, निजामाच्या फौजेला बंदुकीच्या गोळ्या लागायच्या. दुसरा म्हणे, छट्, हैदराबादेत सुरमा जायचा इथून. अप्पा दोघांनाही "हाव, हाव" म्हणत, कारण दोघंही गिऱ्हाईक होते. खाणीत बाराही महिने हिरवं पाणी तुडुंब असे. शिशाचं पाणी म्हणून तिथं कुणी गुरंही नेत नसे.

दुकानातला दगड त्या खाणीतला, आजोबांच्या वेळचा. लहान पेरूएवढा, काळपट, पण फुटल्या बाजूला चांदीसारखा चकाकणारा. त्याचे कंगोरे असे चौकोनी की जणू कुणी सुरीनं कापलेत. आणि जड! पहिल्यांदा उचलणाऱ्याचा हात खालीच जायचा. अप्पा तो धडा करायला वापरत. म्हणजे गिऱ्हाईक तेलाला भांडं घेऊन आलं की एका पारड्यात भांडं, दुसऱ्यात दगड टाकून दोन्ही पारडी आधी सारखी करायची, आणि मग वजनं घालून तेल मोजायचं. दगडाला हात लावला की हात धुतलेच पाहिजेत, हा आईचा नेम. दुष्काळात तिनं त्यावरून अप्पांना किती बोल लावले असतील, विचारू नका.

दुष्काळ म्हणजे तोच, लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराचा. विहिरींचा तळ दिसत होता, टँकर आला की अख्खं गाव हंडे घेऊन धावायचं. लोक दाणा न् दाणा बघून घेत होते. अप्पा मात्र डाळ मोजताना पारडं हलकेच खाली झुकू देत. या माणसाचा मला फार अभिमान होता, अजूनही आहे.

अशा दिवसांत लातूरहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. मामा आडतवाले, मुलगा त्यांच्याच दुकानात बसायचा. मामांची टोपी कडक आणि बोलणं त्याहून कडक. दर दोन वाक्यांनी "आता आमचा जिल्हा हाय." जणू जिल्हा यांनीच परातीत मळून थापला होता! बैठकीतून दुकान सरळ दिसायचं. नेमकी त्याच वेळी एक बाई पितळी चरवी घेऊन तेलाला आली. अप्पा तिला परत कसे पाठवणार? त्यांनी पारड्यात चरवी ठेवली, दुसऱ्यात तो दगड, वर दोन चिंचोके, आणि काटा मधोमध आला.

मामांचे डोळे बारीक झाले. ते बहिणीकडे वळून कानडीत कुजबुजले. आम्हाला कानडी काय कळणार, असा त्यांचा हिशेब. पण आईचं माहेर देगलूरच्या पलीकडे, सीमेवरचं. दाराआडून तिनं शब्द न् शब्द ऐकला आणि आत येऊन मला सांगितला.

"म्हणतेत, तराजूत खोट हाय. एवढुशा दगडानं चरवी कुठं उचलते का? काटा मारणाऱ्याच्या घरची पोरगी न्हाई करायची. च्या पिऊन उठू म्हणतेत."

माझं डोकं असं तापलं की लग्न गेलं चुलीत. अप्पांना काटा मारणारा म्हणतात! पोह्यांचं ताट उचललं, पदर सावरला, आणि बैठकीत जायच्या आधी दुकानात वळून, अप्पा तेल ओतायच्या आत, पारड्यातला दगड घेतला. आमच्यात बघायच्या कार्यक्रमात मुलीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. मी बोलले.

"मामा, आधी हे धरा."

त्यांनी पोह्यांच्या बशीसाठी पुढं केलेल्या तळव्यावर मी दगड ठेवला. हात धाडकन मांडीवर आदळला, टोपी कपाळावर आली. अप्पांचा चेहरा पांढराफटक. आता सगळं संपलं, असं मलाही वाटलं. आणि तेवढ्यात मुलगा खो खो हसला. तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बरा होता.

मामा मात्र हसले नाहीत. पक्के व्यापारी. उठले, दुकानात गेले, आणि दगड चिंचोक्यांसकट चरवीच्या पारड्यात नि चरवी दगडाच्या पारड्यात ठेवली. दांडीत खोट असती तर आता उघडी पडली असती. काटा पुन्हा मधोमध. त्यांनी टोपी काढली.

"पाव्हणं, लई चुकलं माझं."

दाराआडून आई कानडीत म्हणाली, "पोहे गार व्हायलेत." मामांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता.

मग खाण बघितल्याशिवाय मामा हलेनात. अप्पा, पाहुणे आणि मागोमाग मी, असे माळावर गेलो. दुष्काळानं पाणी तळाला गेलं होतं आणि गावानं कधी न पाहिलेलं सारं उघडं पडलं होतं. खडकात कोरलेल्या पायऱ्या, दिवे ठेवायच्या दिवळ्या, छिन्नीच्या खुणा. भिंतीतून पांढऱ्या गारेचा पट्टा गेला होता आणि त्यात शिशाचा तो करडा दगड चमकत होता. मधे मधे पिवळे कण, ज्यांना सोनं समजून पाणी आटल्यापासून गावातल्या कितीकांनी हातोडे झिजवले होते. काठावर धातू गाळून उरलेल्या काळ्या मळीचे ढीग होते. "हितंच भट्ट्या असतील, हितंच शिसं गाळत असतील," अप्पा सांगत होते. घरात चार शब्द न बोलणारा माणूस त्या दिवशी थांबायलाच तयार नव्हता.

मुलगा नवी पँट मळवत खाली उतरला आणि दोन ढेकळं घेऊन आला. एक आपटलं, तर त्याचे छोटे छोटे चौकोन झाले.

"बघा की, फुटलं तरी चौकोनीच," तो म्हणाला. माझ्याशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

"हात धुवा," हे माझं.

घरी आलो तर आईनं प्यायच्या माठातला भरला तांब्या काढला आणि त्याच्या हातावर सगळा ओतला. त्या दुष्काळात! आईला मुलगा पसंत पडला, हे मला तिथंच कळलं आणि मी इतकी खूश झाले की आत पळाले.

दुसरं ढेकूळ मामा रुमालात बांधून, एका बाजूला कलत, लातूरला घेऊन गेले. तिथं ते त्यांच्या तराजूत बसलं. लग्नानंतर कितीदा तरी दुकानातून हाक यायची, "सूनबाई, जरा या हो!" कुणी गिऱ्हाईक भांडत उभं असायचं, की एवढुशा दगडावर काय मोजायलात मामा, काटा मारता काय? मी जायची, दगड त्याच्या तळव्यावर ठेवायची, हात खाली गेला की परत घरात यायची.

एकदा अप्पा आलेले असताना असंच झालं. मी उठणार, तर मामांनी मला थांबवलं आणि दगड अप्पांच्या हाती दिला. "ह्यांच्या खाणीचा हाय. ह्येच देतील तुमच्या हातात." अप्पांनी तो गिऱ्हाइकाच्या तळव्यावर ठेवला, अगदी हलकेच. मग बसस्टँडवर भोकरच्या गाडीत बसेपर्यंत माझे अप्पा एकटेच हसत होते.