पाचटाखालची पांढरी जाळी

ऊस तुटल्यावर रानात उरलेलं वाळक्या पानांचं पाचट पेटवण्याआधी तुम्ही कधी त्याच्याखाली हात घातलाय? मी घातला नव्हता, तरी ‘पाचट जाळू नका, कर्ब मातीत राहू द्या’ अशी पत्रकं गावभर वाटली होती. काल सुमनवहिनींच्या रानात तळाचं जुनं, ओलसर पाचट उचललं. खाली बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांचं जाळं पसरलं होतं.

“पत्रकवाले भाऊजी, हे धागे पाचट खाऊन करतात काय?”

“श्वास सोडतात. बराचसा कर्ब हवेतच जातो.”

“मग धूर काय वाईट? संध्याकाळी रान पेटवायचंय. पेटवू का नको, ते सांगा!”

मी गोंधळलो. हेच जीव कर्ब उधळतात, आणि मेल्यावर यांचीच शरीरं मातीच्या कणांना चिकटून तो धरूनही ठेवतात. किती जातो, किती उरतो, मला सांगता येईना. आग मात्र वरच्या थरातल्या या जिवांना जेवणासकट संपवते.

“वहिनी, खात्री नाही. पण नका पेटवू.”

“खात्री नसताना एवढा आवाज?” त्या हसल्या, पण अर्धं रान न पेटवता राखलं.

माझ्या घोषणेवर विसंबू नका. यंदा निदान एक सरी न पेटवता ठेवा, आणि पावसाळ्यानंतर तिथली माती स्वतः उकरून बघा.