पेटीतली गाठ

डॉक्टर ज्योतीराम आमच्याच गावचा, म्हणून मी त्याला अरे-तुरे करतो. चाकणला त्याचा दवाखाना. आमच्या भागातली कितीतरी पोटं त्याने उघडली आणि शिवली. एखादीच्या पोटावरची शिवण सरळ दिसली की बायका म्हणायच्या, ही जोतीची शिवण. त्याचं सारं शिक्षण बोटांत उतरलेलं. रक्तात हात बुडालेला असला, आत काही दिसत नसलं, तरी त्याची गाठ बसायची. दोरा किती ताणायचा ते बोटं सांगायची.

तो माणूस पन्नाशी उलटल्यावर थेरगावच्या एका हॉस्पिटलात काळ्या पेटीपुढं शिकाऊ होऊन बसला.

पेटी साधीच. वर दोन भोकं, त्यांतून आत जाणारे दोन लांब चिमटे, आत कॅमेरा आणि समोर पडदा. दुर्बिणीचं ऑपरेशन शिकायला येणारे डॉक्टर आधी या पेटीत हात बसवतात. हात उजवीकडं नेला की पडद्यावर टोक डावीकडं जातं. आत रबराची पट्टी ठेवलेली, तिला टाका घालून गाठ मारायची. शिकवणारी मधुवंती कधीकाळी ज्योतीरामच्याच हाताखाली उमेदवारी करून गेलेली.

ज्योतीरामने टाका घातला, गाठ ओढली. रबर फाटलं.

"सर, तुम्ही बोटांनी ओढताय," मधुवंती म्हणाली. "इथं बोटांना काही कळत नाही. डोळ्यांनी ओढा."

"डोळ्यांनी कसं ओढतात गं?"

शेजारच्या पेटीवरची तरुण पोरं हसली. तोही हसला. पुन्हा ओढलं. पुन्हा फाटलं.

त्याची घाई वेगळीच होती. त्याची सख्खी आत्या सावित्रीबाई. तिच्या पित्ताशयात खडे झालेले, त्यात ती जुन्या दम्याची. मोठा छेद दिला तर प्रत्येक खोकल्याला शिवण ताणली जाणार. दुर्बिणीनेच करायला हवं होतं. तिचा मुलगा समाधान, कंपनीत शिफ्ट करणारा, म्हणाला होता, "आई, चिंचवडला नेतो. तिथं रोज करतात."

आत्या कॉटवरून उठलीच नाही. "परक्याचा हात पोटात नगं. आमचा जोती शिकतोय न्हवं? मी थांबते."

त्या वेळी ज्योतीराम तिथंच उभा होता. आत्या, जा, एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "थांब आत्या. शिकून आलो की मीच करतो."

मग आत्या थांबली. जेवणातलं तेल गेलं, तूप गेलं, शेवटी जेवणच गेलं. कळ आली की ती पदराचा बोळा तोंडात धरायची आणि समाधानने विचारलं की म्हणायची, "जोतीला सांगू नगस. त्याचा अभ्यास हाय."

इकडं पेटीत रबर फाटत होतं. दवाखाना बंद केल्यावर तो थेरगावला जायचा, पडद्याकडं बघून डोळे लाल करायचा. मग मधुवंतीने त्याला बाजूला घेतलं. "सर, तुम्हाला पुढं खऱ्या ऑपरेशनला पाठवता येणार नाही. रबर फाटलं तर चालतं. माणसाचं आतडं..."

"अजून थोडे दिवस दे."

"मी देईन सर. पेशंट देईल का?"

पेशंटने दिले नाहीत. आत्याला ताप भरला, डोळे पिवळे दिसू लागले. समाधानने तिला थेट मधुवंतीच्या हॉस्पिटलात आणलं. ज्योतीराम धावत पोचला. आत्याने त्याचा हात धरला. "आलास? शिकलास का?"

"न्हाई आत्या. मधुवंती करंल. मी कॅमेरा धरतो."

आत्याने त्याचा हात आणखी घट्ट धरला. "मंग मला थांबीवलंस कशाला रं?"

भूल देणाऱ्यांनी तिचा हात सोडवून घेतला.

ज्योतीरामने कॅमेरा धरला. पडद्यावर पित्ताशय दिसेचना. सगळं एकात एक चिकटून लाल चिखल झालेला. मधुवंती बराच वेळ कडेकडेने सोडवत राहिली. मग चिमटे थांबवले. "आधी आल्या असत्या तर निघालं असतं. आता उघडावं लागेल. तुमचा हात माझ्याहून बसलेला आहे. तुम्ही या इकडं."

ज्योतीरामने सुरी घेतली आणि ज्या छेदाला इतके दिवस टाळलं तो छेद आत्याच्या पोटावर स्वतः दिला. आत हात घातला. बोटांना सगळं कळलं. कुठं सुटतं, कुठं बांधायचं, किती ओढायचं. एकही गाठ फाटली नाही. तसं काम त्याने याआधी क्वचितच केलं असेल. टाके घालताना मात्र त्याच्या चष्म्याच्या काचा आतून ओल्या झाल्या होत्या, आणि नर्सने त्या दोनदा पुसल्या.

दुसऱ्या दिवशी आत्या शुद्धीवर होती. समाधान खिडकीशी उभा होता. ज्योतीराम आत आला तशी त्याने पाठ फिरवली.

"तूच केलंस ना रं?" आत्याने विचारलं.

"व्हय. मीच."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि तिला खोकला आला.

ज्योतीरामने उशी उचलून शिवणीला आधार म्हणून तिच्या पोटावर दाबून धरली. खोकला थांबेना. उशीखाली आपलीच शिवण ताणली जाताना त्याला बोटांत कळत होती, एकेक टाका. त्याने हात काढला नाही.