मास्तरांच्या नावाच्या तीन चिठ्ठ्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या रविवारी डब्यातून मास्तरांच्या नावाच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या होत्या. मी एकच खरी वाचली. उरलेल्या दोन दुसऱ्याच्या नावाने वाचल्या.

मतदान कसलं, तर जगातला आजवरचा सगळ्यात मोठा फुटबॉल कोच कोण. कोणालाही हसू येईल. पन्नाशी ओलांडलेली पाच माणसं रविवारी सकाळी लालबागला मंडळाच्या खोलीत जमतात, खालच्या हॉटेलातून कटिंग चहा मागवतात, आणि ज्यांनी लालबागचं नावही ऐकलेलं नाही अशा माणसांवरून एकमेकांवर धावून जातात. एक टेलर, एक पोस्टातून रिटायर झालेला, एक बँकेत अधिकारी, एक फणसवाडीहून बसने येणारा प्रूफरीडर आणि पाचवा मी. तरुणपणी आम्ही सगळे एकाच टीममध्ये होतो. ती टीम उभी केली मास्तरांनी. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, आणि पाळी सुटली की परळच्या मैदानात आम्हा पोरांना फुटबॉल शिकवायचे, म्हणून मास्तर. आता ऐंशीच्या पुढे गेलेत. रविवारी तेही यायचे आणि भिंतीला टेकून ऐकत बसायचे.

त्या परदेशी कोच लोकांची खरी नावं आम्ही घेत नसू. नाव घेतलं की उच्चारावरून वाद व्हायचा आणि मूळ वाद राहून जायचा. म्हणून एक कोटवाला, एक दाढीवाला. बँकवाला कोटवाल्याचा भक्त. त्याचं म्हणणं सरळ होतं, "कप मोजा आणि घरी जा." टेलर आणि पोस्टवाला दाढीवाल्याचे.

"कप काय, भांड्यांच्या दुकानात पण असतात," टेलर म्हणायचा. "दाढीवाल्याने रस्त्यावरची पोरं उचलून टीम केली. तुझ्या कोटवाल्याला आधी तयार माल लागतो. त्याला आमच्यातले अकरा दे, मग बघू."

"तुमच्यातले अकरा दिले तर तो कोट काढून मैदानात पांघरूण घेऊन झोपेल."

"तू गप रे, तू गोलकीपर होतास आणि बॉलला घाबरायचास."

मी बोलत नसे. मी कधीच फार बोललो नाही. त्यामुळे खोलीत माझ्याबद्दल एक समज तयार झाला होता, की हा बोलत नाही म्हणजे हा खोटं बोलत नाही. मंडळात अध्यक्ष निवडायचा असो, वर्गणीचा दर ठरवायचा असो, चिठ्ठ्या मोजायला मला बसवत.

या चिठ्ठ्यांची आमच्याकडे एक रीत होती, मास्तरांनीच घातलेली. फार पूर्वी अध्यक्षाच्या निवडीत कोणीतरी अक्षर ओळखलं आणि एकाच मजल्यावरची दोन घरं, दोन गणपती येऊन गेले तरी, एकमेकांशी बोलली नाहीत. तेव्हापासून चिठ्ठ्या एकट्यानेच उघडायच्या, वाचायच्या, आणि लगेच निर्माल्याच्या बादलीत टाकून वर पाणी ओतायचं. चिठ्ठी कोणाची ते विचारायचं नाही, आपण होऊन सांगायचंही नाही.

मास्तरांची इमारत पुनर्बांधणीला जाणार होती आणि ते वडाळ्याला मुलीकडे राहायला निघाले होते. त्यांचा आमच्या खोलीतला तो शेवटचा रविवार. फणसवाडीवाल्याने मध्येच सांगून टाकलं, "मास्तर जाण्याआधी याचा निकाल लावून टाकू. चिठ्ठ्या टाका. आणि यादीत तिसरं नाव, मास्तर."

"गप रे," मास्तर म्हणाले. पण ते सरळ बसले. शर्टाला इस्त्री होती, ते मी तेव्हा पाहिलं.

"का गप? आपल्याला शिकवलं ते कोणी? कोटवाल्याने?"

स्टीलचा डबा फिरला. पाच चिठ्ठ्या पडल्या. मी खिडकीपाशी जाऊन, पाठ त्यांच्याकडे करून, एकेक उघडली. पहिली बँकवाल्याची होती, कोटवाला. दुसरी माझीच, कोटवाला. खरं तर मला कोटवाल्याचंही काही नव्हतं. मास्तरांचं नाव लिहायचं नव्हतं, एवढंच. तिसरीवर तिरक्या अक्षरात 'मास्तर'. चौथीवर मोठ्या अक्षरात 'आपले मास्तर'. पाचवी लाल शाईत, 'मास्तर', खाली रेघ. प्रूफरीडरच्या खिशाला दुसरं पेन नसतं.

तीन विरुद्ध दोन. आमचे मास्तर जगातले सगळ्यात मोठे कोच ठरले होते. आणि मला ते सोसलं नाही.

कारण सांगतो, सबब म्हणून नाही. मी त्या टीममध्ये तीन वर्षं होतो, ती बहुतेक बाकावर. फायनलच्या आधी मास्तर म्हणाले होते, "दुसऱ्या हाफला तुला उतरवतो." मी घरी सांगितलं. बाबांची गिरणी तेव्हा नुकतीच बंद पडली होती आणि ते कुठे जात-येत नसत. त्या दिवशी मात्र दाढी करून आले आणि दोरीला धरून उभे राहिले. दुसरा हाफ सुरू झाला, अर्धा गेला, संपला. मी बूट बांधून बसलेला. आम्ही जिंकलो. सगळे मास्तरांना उचलून नाचत होते. बाबा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "चल. भाकरी निवतील." पुढे त्यांनी माझी एकही मॅच पाहिली नाही. माझ्या मॅच तरी कुठे झाल्या.

कोच केवढा मोठा ते बाकावरच्यांना विचारावं, असं माझं मत आहे. इतक्या रविवारांत मी ते एकदाही बोललो नाही. बोललो असतो तर कदाचित पुढचं झालं नसतं.

मी वाचून दाखवलं, "कोटवाला. कोटवाला. दाढीवाला. दाढीवाला." शेवटची लाल शाईची हातात होती. ती होती तशी वाचली. "मास्तर."

चिठ्ठ्या बादलीत टाकल्या, वरून तांब्याभर पाणी ओतलं. लाल शाई झेंडूच्या पाकळ्यांवर पसरली.

बरोबरी झाली म्हणून बँकवाल्याने आरडाओरडा केला, फेरमतदान मागितलं. बाकी तिघे नेहमीसारखे तुटून पडले नाहीत. ते एकमेकांकडे बघत होते. मला कळत होतं ते काय बघताहेत. प्रत्येकाला ठाऊक होतं की ते एक मत आपलं. म्हणजे दाढीवाल्याला मत टाकणारे हे दोघे. तोंडावर मास्तर मास्तर, आणि चिठ्ठीत दाढी. पोस्टवाला तर फणसवाडीवाल्याकडे असा बघत होता की नाव सुचवलंस तू आणि मागे हटलास तू. आणि फणसवाडीवाल्याच्या चेहऱ्यावर तेच, उलट दिशेने.

मास्तर उठले. "चला, एक तर मिळालं," असं म्हणून हसले आणि चपला शोधू लागले.

पुढच्या रविवारी टेलर आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पोस्टवाला आला आणि चहा अर्धा टाकून गेला. जाताना फणसवाडीवाल्याला म्हणाला, "काही लोक नुसतं नाव सुचवायला पुढे असतात."

"कोणाला बोललास?"

"ज्याला लागलं त्याला."

"मी काय केलं ते मला माहीत आहे. तू काय केलंस ते सांग."

"सांगायचं नसतं, नाही का? रीत आहे."

संशय सगळ्या खोलीत फिरला. टेलरवर गेला, पोस्टवाल्यावर गेला, बँकवाल्यावरसुद्धा गेला, की याने मुद्दाम कोणाला फिरवलं. माझ्यावर आला नाही. माझ्या बाजूने वळून जायचा, भिंतीच्या बाजूने वळावं तसा. तीन महिन्यांत खोलीला रविवारी कुलूप राहायला लागलं.

त्या काळात मी वडाळ्याला गेलो. मास्तरांची मुलगी, ती त्यांना दादा म्हणते, दार उघडून म्हणाली, "बरं झालं आलात. दादा कोणाचे फोन घेत नाहीत." मास्तर टीव्हीसमोर होते, आवाज बंद. मला शेजारी बसवलं. मग त्यांनी सांगितलं की आपल्यातले तिघे येऊन गेले. वेगवेगळे, एकमेकांना न कळवता. रीत मोडून प्रत्येकाने सांगितलं, मास्तर, ते एक मत माझं होतं.

"मत एक, आणि धनी तीन," ते म्हणाले. "म्हणजे दोघे तरी माझ्या तोंडावर खोटं बोलले. कशाक रे? मी काय मागितलं होतं?"

तिघेही खरं बोलत असतील, ही शक्यता त्यांच्या मनात आली नाही. ती यायला माझ्यावर संशय घ्यावा लागला असता.

मग ते माझ्याकडे वळले. गावची मालवणी त्यांच्या तोंडी अशाच वेळी यायची. "झिला, तू मोजलंस. अक्षरा तुका ठावक. ता मत कोणाचा? खरा सांग माका."

सांगायची वेळ ती होती. दार बंद होतं, मुलगी स्वयंपाकघरात होती, आम्ही दोघेच. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "माझं, मास्तर."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "म्हणजे तिघेही खोटे," ते हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला, शोध संपला की होतो तसा. त्या दिवशी मला जेवायला बसवलं. सुरमईचा मधला तुकडा माझ्या ताटात आला. मी तो खाल्ला.

तेव्हापासून मी महिन्यातून दोनदा जातो. मास्तर शेजाऱ्यांना माझी ओळख करून देतात, "हा माझा. एकटा हाच." त्या तिघांची नावं निघाली की टीव्हीचा आवाज वाढवतात. एकदा मी मुद्दाम त्या फायनलचा विषय काढला. मला पाहायचं होतं, त्यांना आठवतं का.

"तू होतंस मा तेच्यात?" ते म्हणाले. "दुसऱ्या हाफाक. राइट आउट. बरो खेळलंस."

मी हो म्हणालो. इतकी वर्षं ज्याच्यासाठी मी दात धरून बसलो, ते त्यांच्या डोक्यात घडलंच नव्हतं. त्यांनी मला उतरवलं होतं. माझे बाबा कदाचित त्यांच्या आठवणीत टाळ्यासुद्धा वाजवत असतील. ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

गेल्या महिन्यात दादरला भाजी घेताना फणसवाडीवाला भेटला. पिशवीतून कोथिंबीर बाहेर आलेली, चष्मा कपाळावर. इकडचं तिकडचं बोललो. मग त्याने एकदम विचारलं, "त्या दिवशी लाल शाईची एक चिठ्ठी होती. आठवते?"

"किती दिवस झाले आता."

"बरोबर. पण लाल शाई लक्षात राहते. माझा धंदाच तो आहे." तो माझ्याकडे बघत राहिला. "लाल शाईत काय होतं, ते तू वाचलंस?"

"जे होतं ते वाचलं."

"आणि बाकीच्या?"

मी भेंडीवाल्याकडे वळलो, भाव विचारला. फणसवाडीवाल्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि एखादी ओळ पुन्हा तपासावी तसं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे संशयाने पाहत होतं. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. अर्धा मिनिट वाटलं, याने आता विचारावं. सरळ विचारावं. तो म्हणाला, "मास्तरांना बघायला जातोस म्हणे. तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"माझा फोन घेत नाहीत ते. माझा नमस्कार सांग," असं म्हणून तो बसस्टॉपकडे गेला.

नमस्कार मी सांगितला नाही. मास्तरांनी टीव्हीचा आवाज वाढवला असता.

ही पानं लिहून काही फिटत नाही, हे मला कळतं. मास्तर हे वाचणार नाहीत, त्यांना आता अक्षर दिसत नाही. त्यांना तोंडानेच सांगावं लागेल, मुलीसमोर, त्या तिघांना शेजारी बसवून. मग मला वडाळ्याला कोणी बोलावणार नाही, तेही ठीकच आहे.

मास्तरांना तीन मतं पडली होती. त्यातली दोन मी दाबली, आणि उरलेलं एक माझं म्हणून सांगितलं. माझं एकही नव्हतं. ती तिन्ही मतं, ज्याची त्याच्या नावाने, मास्तरांना द्यायची अजून बाकी आहेत.